डावीकडे दुखतंय

आमच्या मास्तरांना सगळ्यात जास्त राग येतो तो "अरे बाळा" म्हटल्याचा. वय त्रेचाळीस, कानशिलांवर पांढरे केस, अंगात कडक इस्त्रीचा कोट, आणि समोर पंचविशीतला कोवळा दंतवैद्य गोड आवाज काढून विचारतो, "काय रे बाळा, आ करतोस का?" मास्तर ओठ गच्च मिटतात आणि माझ्याकडे बघतात. मी खुर्चीमागून म्हणते, "डॉक्टर, पहिल्याच वाक्यात नापास. बाहेर जा, दार वाजवा आणि पुन्हा आत या." डॉक्टरांचे कान लाल होतात. पाच-सहा वर्षं पुस्तकं घोकून आलेल्या माणसाला दार वाजवण्यापासून शिकवायचं म्हणजे त्याच्या मनाला लागतंच. लागू दे. दुसऱ्या खेपेला "नमस्कार, मी आत येऊ का? तुम्ही इथे बसाल का?" असं आलं, की मास्तर मान डोलावतात आणि सावकाश खुर्चीत बसतात.

मी दातांच्या एका मोठ्या दवाखान्यात पंचवीस वर्षं नर्स होते. आता तिथेच तिसऱ्या मजल्यावर प्रशिक्षण चालवते. काही माणसांना जन्मापासून समजायला, बोलायला इतरांपेक्षा वेळ लागतो, कुणाला दिव्याचा नाहीतर आवाजाचा त्रास होतो, कुणाला अंगाला हात लावलेला सहन होत नाही. अशांवर उपचार कसे करायचे, ते आम्ही शिकवतो. शिकायला येतात डॉक्टर, नर्स, थेरपिस्ट, सगळे भल्या मोठ्या पदव्यांचे धनी. शिकवणारे आम्ही दोघं. माझा नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स झालाय, आणि मास्तर पाच वर्षं शाळेच्या एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून घरी परत आलेले.

त्यांची माझी ओळख काही चांगल्या मुहूर्तावर झाली नाही. नऊ वर्षांपूर्वी त्यांची थोरली बहीण त्यांना दाढ दाखवायला घेऊन आली होती. दोघांनी हात धरले, एकाने डोकं धरलं, चौथा तोंडात आरसा घालायला गेला आणि मास्तर त्याच्या बोटाला असे चावले की दाढ राहिली बाजूला, डॉक्टरांनाच तीन टाके पडले. मी तेव्हा ट्रे धरून उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तो मास्तरांवर नाही, त्या चौघांवर. मला कुणी चारी बाजूंनी धरून तोंडात लोखंड घातलं असतं तर मी बोट सोडून दुसरं काहीतरी चावले असते.

मग मी दवाखान्याच्या प्रमुखांच्या, म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागून दर मंगळवारची दुपार मागून घेतली. पहिल्या मंगळवारी मास्तर फाटकापर्यंत आले आणि परत गेले. दुसऱ्या खेपेला जिना. तिसऱ्या खेपेला त्यांनी दारातून खुर्चीकडे बघितलं आणि "वर जाते?" असं विचारलं. मी खुर्ची वर नेऊन दाखवली, खाली आणून दाखवली. चाळीस वेळा तरी. पुढच्या मंगळवारी ते स्वतः बसले. सांगायचं, दाखवायचं, मग करायचं. पद्धत जुनीच आहे, मी शोधलेली नाही, पण ती करायला लागणारा वेळ कुणी देत नव्हतं. सातव्या मंगळवारी दाढ भरून झाली. मास्तरांनी आरशात बघितलं, मला म्हणाले, "बाई, झालं?" मी म्हटलं, "झालं." तिथे कोपऱ्यात जाऊन मी रडले, हे आत्ता पहिल्यांदा सांगते आहे.

मोठे डॉक्टर म्हणाले, हे तुम्ही आमच्या बाकीच्यांना शिकवा. पहिल्या तुकडीत डॉक्टरच आळीपाळीने पेशंट व्हायचे आणि खुर्चीत बसून खी खी हसायचे. त्या दिवशी मास्तर सहज आले होते. थोडा वेळ त्यांनी तो तमाशा बघितला आणि म्हणाले, "उठा. मी बसतो." तेव्हापासून ते बसताहेत. दर गुरुवारी, सकाळी दहा ते एक. दवाखान्याने त्यांना रीतसर नोकरीवर घेतलं, फोटोचं ओळखपत्र दिलं. कोट मात्र त्यांनी भांडून मिळवला. "डॉक्टरांना आहे, मला का नाही?" असं विचारल्यावर मोठ्या डॉक्टरांनी कोटाच्या कागदावर सही केली. "मास्तर" हे नाव दुसऱ्या की तिसऱ्या तुकडीने ठेवलं आणि ते चिकटलं.

बाकीचे दिवस ते बहिणीच्या लॉन्ड्रीत असतात. ताईंचं दुकान दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावर आहे, काचेच्या दाराचं, आत कायम वाफ. ताई इस्त्री करतात, मास्तर घड्या घालतात. शर्टाची घडी घालावी तर मास्तरांनी. कॉलर मध्यावर, बाह्या मागे, बटणं एका रेषेत. ताई कौतुक तोंडावर करत नाहीत. "घड्या बऱ्या घालतो," एवढंच म्हणतात. पण नवीन गिऱ्हाईक आलं की मास्तरांनी घडी घातलेला शर्टच त्याच्यासमोर आधी ठेवतात.

आता माझ्या कागदाबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्या कागदामुळे झालं. प्रत्येक शिकणाऱ्यासाठी मी एक निरीक्षणाचा कागद बनवला होता. बावीस रकाने. दार वाजवलं का, "तुम्ही" म्हटलं का, दिवा लावण्याआधी सांगितलं का, आरसा हातात देऊन दाखवला का, असं सगळं. या कागदाचा मला भयंकर अभिमान होता. दुसऱ्या शहरांतले लोक त्याच्या नकला मागवून घ्यायचे आणि मी शेफारून जायचे. त्यातला अठरावा रकाना दुखण्याचा. आरसा तोंडात गेला की मास्तरांनी हात वर करायचा, "दुखतंय" म्हणायचं आणि डाव्या गालाखाली बोट ठेवायचं. डॉक्टरांनी ताबडतोब हात काढायचा, आरसा खाली ठेवायचा, "कुठे?" विचारायचं, "समजलं, मी थांबतो" म्हणायचं. डावीकडे का? तर सगळ्यांना एकच परीक्षा हवी म्हणून. एकाला डावं, दुसऱ्याला उजवं, असं झालं तर मार्क कसे द्यायचे?

सुरुवातीला मास्तरांना हे मान्य नव्हतं. "दुखत नाही तर दुखतंय कसं म्हणू?" ते म्हणाले. "मी खोटं बोलत नाही." मी पुष्कळ समजावलं. शेवटी म्हटलं, "मास्तर, हे खोटं नाही. हे काम आहे." काम म्हटल्यावर ते तयार झाले. कामाच्या बाबतीत हा माणूस तसूभर इकडेतिकडे होऊ देत नाही. आठ वर्षांत "दुखतंय" म्हणायला ते कधी विसरले नाहीत आणि बोट कधी चुकलं नाही.

गेल्या वर्षीच्या तुकडीत अकरा जण होते, सगळे दंतवैद्य. त्यात एक उंच डॉक्टरीण होती, साडेपाच फुटांच्या बरीच वर, खांदे पाडून चालणारी, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. बाकीचे पोपटासारखे बोलायचे: आता मी दिवा लावतोय, आता मी आरसा आणतोय. हिची वाक्यं अर्ध्यावर राहायची. माझ्या कागदावर तिच्या नावापुढे मार्क अगदी बेताचे पडत होते. मला वाटलं, ही या कामाची नाही. मी तसं कुणाला बोलले नाही, पण माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, असं आमच्या घरचे म्हणतात.

त्या तुकडीच्या तिसऱ्या गुरुवारी मास्तरांचं बोट पहिल्यांदा चुकलं. हात वर केला, "दुखतंय" म्हणाले आणि बोट उजव्या गालावर, वरच्या बाजूला ठेवलं. खुर्चीजवळचा डॉक्टर गोंधळला. मी खुर्चीमागून हळूच म्हटलं, "मास्तर, डावीकडे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. थोडं थांबून बोट डावीकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, "समजलं, मी थांबतो." मी अठराव्या रकान्यात टिक केली.

चौथ्या गुरुवारी पुन्हा तेच. एकदा नाही, चार वेळा. मी मनात म्हटलं, मास्तर थकले वाटतं, वय होत चाललंय. मधल्या सुटीत मी त्यांना बाजूला घेऊन अगदी प्रेमाने सांगितलं, "आपलं डावीकडे ठरलंय ना? सगळ्यांना सारखं हवं." ते म्हणाले, "हो बाई." चहात पाव बुडवून खाल्ला, एरवी नुसता खातात. हे मी बघितलं, आणि बघूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

पाचव्या गुरुवारी उंच डॉक्टरांची पाळी होती. मास्तरांनी हात वर केला. बोट गेलं उजवीकडे. उंच डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला आणि त्या नुसत्या बघत राहिल्या. मग अडखळत विचारलं, "उजवीकडे... ना?"

मी म्हटलं, "डावीकडे. मास्तर, डावीकडे."

मास्तरांनी बोट डावीकडे नेलं. उंच डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण त्यांनी आधी उजवीकडे..."

"कागदावर डावीकडे आहे, डॉक्टर. पुढे चला." आणि मी लिहिलं: गोंधळ झाला, आत्मविश्वास कमी. दोन मार्क कापले.

सहाव्या गुरुवारी मास्तर आले नाहीत.

साडेदहा वाजता ताईंचा फोन आला. त्या फोनवर कधी ओरडत नाहीत, त्या दिवशी ओरडल्या. "बाई, याचा गाल सुजलाय! टोमॅटोसारखा! अंग तापलंय. तुम्ही इतके सगळे दातांचे डॉक्टर रोज याच्या तोंडात डोकावता, तुम्हाला दिसत नाही?"

मी तुकडी तशीच सोडून धावले. मास्तर दुकानात काउंटरमागे स्टुलावर बसले होते. उजवा गाल डोळ्यापर्यंत चढला होता. कोट घडी घालून समोर ठेवलेला, त्यावर ओळखपत्र.

मी विचारलं, "मास्तर, कधीपासून दुखतंय?"

ते कोटाची घडी सारखी करत राहिले. ताई म्हणाल्या, "मी पण तेच विचारतेय सकाळपासून. म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणतो, ते घरी नाही सांगायचं, तिथे सांगायचं असतं."

तिथेच सांगितलं होतं त्यांनी. तीन गुरुवार सांगत होते. आठ वर्षांत त्यांना कळलं होतं की "दुखतंय" हा शब्द म्हणायची जागा ती खुर्ची आहे. तिथे म्हटलं की डॉक्टर थांबतात आणि कुठे ते विचारतात. त्यांनी अगदी बरोबर जागी, बरोबर माणसांना सांगितलं. अकरा दंतवैद्य तीन आठवडे त्या तोंडात आरसा घालत होते, आणि प्रत्येक जण आपण आरसा नीट घालतोय ना एवढंच बघत होता. दाढेकडे कुणाचं लक्षच नव्हतं. जिचं गेलं होतं, तिला मी गप्प केलं. सहा महिन्यांनी करायची त्यांची तपासणीही गेली दोन वर्षं झाली नव्हती. दर आठवड्याला डॉक्टरांच्या हातात असलेल्या माणसाची वेगळी तपासणी कशाला, असं मीच म्हटलं होतं.

मास्तर तेवढ्यात बोलले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही म्हणालात डावीकडे."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतरांना ऐकायला शिकवते म्हणून मिरवणारी मी, आणि मी एका माणसाचं दुखणं दुरुस्त करून कागदावरच्या जागी ठेवलं होतं.

मोठे डॉक्टर स्वतः लॉन्ड्रीत आले. मास्तरांनी तोंड उघडलं नाही. बाहेरून बघूनच त्यांनी औषध दिलं: पाच दिवस गोळ्या, सूज उतरेल, पण दाढ काढावीच लागेल, नाहीतर पू पुन्हा चढेल आणि मग जिवावर बेतू शकतं. रस्त्यावर आल्यावर मला म्हणाले, "खुर्चीत बसणार नसतील तर मोठ्या इस्पितळात नेऊन पूर्ण भूल देऊन काढू. हात धरून इंजेक्शन द्यावं लागेल. सोमवारपर्यंत बघा."

हात धरून. पुन्हा चौघं. मास्तर त्यातून बरे झाले असते, दाढही निघाली असती, पण त्यानंतर ते कुठल्याही दवाखान्याची पायरी चढले नसते आणि चढावं असं मला त्यांना सांगता आलं नसतं. माझा जीव टांगणीला लागला. हातात चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि लॉन्ड्रीत जाऊन बसले. आधी माफी मागितली. म्हटलं, "मास्तर, माझी चूक झाली. तुम्ही बरोबर सांगितलंत, मी ऐकलं नाही." ते शर्टाची घडी घालत होते. घालत राहिले. मी आणखी दोन वेळा माफी मागितली, तेव्हा ताई इस्त्रीमागून म्हणाल्या, "एकदा ऐकलंय त्याने. त्याला काही बहिरेपण नाही."

मग मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून समोरचे टॉवेल घेऊन घड्या घालायला लागले. मास्तरांनी माझी प्रत्येक घडी उलगडली आणि पुन्हा घातली. एकही शब्द न बोलता. दिवसभर हेच चाललं: मी घालायची, त्यांनी मोडायची. संध्याकाळी ताई म्हणाल्या, "बाई, तुम्ही उद्या नका येऊ, माझं काम दुप्पट होतंय." मी तरी गेले.

तिसऱ्या दिवशी सूज निम्मी उतरली होती. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मास्तर उठले, बटणं शोधायला ठेवलेली टॉर्च खणातून काढली, माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "बाई, मी बघू का?"

मी मान डोलावली.

"आता मी दिवा लावतो," ते म्हणाले. लावला. आधी माझ्या तळहातावर पाडून दाखवला. "आ करा."

मी आ केला. छप्पन्न वर्षांची बाई, लॉन्ड्रीत स्टुलावर बसून तोंड वासून, आणि काचेच्या दारापलीकडून रस्त्यावरची माणसं बघताहेत. ताईंनी इस्त्री उभी करून ठेवली. मास्तर माझे दात मोजायला लागले. वीसच्या पुढे त्यांचे आकडे गडबडतात, म्हणून त्यांनी वरचे वेगळे मोजले, खालचे वेगळे. मग बाहेरून गालावर बोट ठेवलं.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

खालच्या उजव्या बाजूला आले. तिथे माझी एक जुनी भरलेली दाढ आहे, थंड पाण्याने ठणकते. दातांच्या दवाखान्यात जन्म काढला, पण मी तिच्याकडे दोन वर्षं कानाडोळा करत आले होते. म्हटलं, "इथे. थोडं."

मास्तरांनी बोट लगेच उचललं. टॉर्च बंद केली. खरं का, किती, नक्की इथेच का, काही विचारलं नाही. मी म्हटलं म्हणजे दुखतंय, विषय संपला. "समजलं," ते म्हणाले. "मी थांबतो."

ते वाक्य मीच लिहिलेलं होतं. आठ वर्षांत शेकडो डॉक्टरांच्या तोंडून ऐकून त्याला टिक केली होती. ते खरं कसं म्हणतात, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझे डोळे भरून आले. ताई म्हणाल्या, "आता रडू नका, तो घाबरेल." मास्तर घाबरले नाहीत. त्यांनी मला एक घडी घातलेला रुमाल दिला, तो कुठल्यातरी गिऱ्हाईकाचा होता.

थोड्या वेळाने मी विचारलं, "मास्तर, तुमची दाढ काढावी लागणार आहे. खरोखरची. इंजेक्शन टोचेल तेव्हा दुखेल, मग नाही दुखणार. कोणी काढावी?"

मी उत्तराची वाट बघत बसले. मधे काही बोलले नाही, सुचवलं नाही. मोठ्या डॉक्टरांचं नाव जिभेच्या टोकावर होतं, ते गिळलं. मास्तरांनी दोन शर्ट संपवले. तिसऱ्याची बटणं लावता लावता म्हणाले, "उंच डॉक्टर."

मी उंच डॉक्टरांना फोन केला. आधी त्यांची माफी मागितली, मग निरोप दिला. मग त्या म्हणाल्या, "मला... जमेल?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण त्यांनी तुमचं नाव घेतलंय."

सोमवारी सकाळी मास्तर कोट घालून आले. पेशंट म्हणून आलेत, कोट कशाला, असं दारावरचा माणूस म्हणाला, तर म्हणाले, "गुरुवारी पण हाच असतो." मी खुर्चीमागे उभी राहिले नाही. समोर उभी राहिले, त्यांना दिसेन अशी, हातात कागद न घेता.

उंच डॉक्टर फारसं बोलल्या नाहीत. त्यांची वाक्यं त्या दिवशीही अर्ध्यावरच राहत होती. पण मास्तरांचा हात जरा उचलला गेला की त्यांचा हात बाहेर. इंजेक्शनआधी मास्तरांनी सहा वेळा हात वर केला. सहाही वेळा सुई ट्रेमध्ये परत गेली. एकदा मास्तर उठून खिडकीपर्यंत गेले, खालचा रस्ता बघितला, आपलं दुकान दिसतंय का पाहिलं आणि परत येऊन बसले. इंजेक्शन टोचलं तेव्हा ते मोठ्याने ओरडले. उंच डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात स्थिर होता. "दुखलं," त्या म्हणाल्या. "हो," मास्तर म्हणाले. एवढंच बोलणं झालं आणि ते पुरलं. दाढ निघायला आमच्याकडे साधारण वीस मिनिटं लागतात. आम्हाला पावणेदोन तास लागले. बाहेर ताटकळणाऱ्या पेशंटांनी मोठ्या डॉक्टरांचं डोकं खाल्लं, तरी ते एकदाही आत आले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

दाढ बघून मास्तर म्हणाले, "एवढीशी?" ताईंना दाखवायला कापसात गुंडाळून घेऊन गेले.

उंच डॉक्टरांचे दोन मार्क मी परत दिले. त्यांना त्याचं काही नव्हतं, मलाच चैन पडत नव्हतं. आता महिन्यातून एक दिवस त्या आमच्याकडे शिकवायला येतात. शिकवताना बोलत नाहीत, नुसतं करून दाखवतात. येणारे आधी वैतागतात, मग त्यांच्या हाताकडे बघायला लागतात.

मास्तर परत कामावर येतील की नाही, हे मी विचारलं नाही. तीन गुरुवार गेले. नवीन तुकडी सुरू झाली होती, डॉक्टर पुन्हा एकमेकांचे पेशंट होऊन खी खी करत होते. चौथ्या गुरुवारी दहाला पाच कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. मास्तर आत आले, हसणाऱ्या डॉक्टरला म्हणाले, "उठा." आणि बसले.

एका ठेंगण्या डॉक्टरने दार वाजवलं, "तुम्ही" म्हणाला, दिवा दाखवला, आरसा हातात दिला. सगळं पाठ करून आला होता. अठरावा रकाना आला. मास्तरांचा हात वर गेला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "मास्तर, आजपासून डावं-उजवं काही ठरलेलं नाही. दुखत असेल तर जिथे दुखतंय ते सांगायचं. नसेल तर नाही म्हणायचं."

"ते काम आहे?" त्यांनी विचारलं.

"हो. हेच काम आहे."

मास्तर विचारात पडले. डॉक्टर आरसा हातात धरून थांबला. मास्तरांनी उजव्या गालावर बोट ठेवलं, जिथून दाढ गेली होती तिथे जरा जास्त वेळ ठेवलं, मग डाव्या गालावर ठेवलं, मग हनुवटीवर. मग हात खाली घेतला.

"नाही," ते म्हणाले. "आज कुठेच नाही दुखत."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. त्या उत्तरासाठी कागदावर रकाना नव्हता. मी कागद त्याच्यापुढे धरून म्हटलं, "बघता काय? समासात लिहा. त्यांनी सांगितलं तसंच लिहा."